पाळणा, पलंग आणि जनाजा

माणसाच्या वाट्याला येणारे पहिले फर्निचर म्हणजे पाळणा आणि शेवटचे म्हणजे जनाजा. गंमत अशी की, ही दोन्ही सहसा त्याच्या मालकीची नसतात. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत एखादा जुना लाकडी पाळणा या घरातून त्या घरात फिरत असतो. कुठे बाळ येणार असे कळले की शेजारची चाची स्वतःहून निरोप धाडते, "पाळणा माळ्यावर आहे, पोरांना पाठवून उतरवून न्या." त्या पाळण्यात कोणकोणाची मुले वाढली हे ती बोटांवर मोजून सांगते. ती यादी जितकी लांब, तितका तो पाळणा बरकतीचा. जनाजा तर मशिदीच्या आवारातच ठेवलेला असतो. गावचा बागायतदार असो की डोक्यावर मासळीची टोपली घेऊन पोट भरणाऱ्या घरातला कोणी असो, दोघांनाही त्याच चौकटीवरून कबरस्तानात नेतात. 'यावरून आधी दुसरे कोणी गेले आहे, आमच्या माणसासाठी नवा करा', असे म्हणणारा वारस अजून तरी आमच्या पाहण्यात नाही.

या दोन वस्तूंच्या मधल्या साठ-सत्तर वर्षांत मात्र सारे काही नवे हवे असते. पलंग नवा, कपाट नवे, शोकेस नवी, दिवाण नवा. जुना पाळणा बरकतीचा आणि जुना पलंग कमीपणाचा, हा फरक आला कोठून? प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. पण एखादी वस्तू जुनी कधी होते, ती घराबाहेर काढण्याचा हक्क कोणाला, आणि आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला दिली तर ते दान ठरते का, हे सारे प्रश्न त्यात दडलेले आहेत. म्हणून या प्रश्नाचा थोडा नीट विचार करावा, असे आम्हाला वाटते.

आधी शब्दापासून सुरुवात करू. मास्तरांना ती सवय असतेच. आपण 'रद्दी' म्हणतो, तो शब्द अरबीतल्या 'रद'वरून उर्दूत आणि तेथून मराठीत आला. रद करणे म्हणजे नाकारणे. याचा अर्थ रद्दीपण हा वस्तूचा गुण नव्हे. कोणीतरी ती नाकारतो, तेव्हा ती रद्दी होते. पलंगाचा पाय मोडला तर तो मोडका पलंग होतो. तो रद्दी होतो ते त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाच्या निर्णयामुळे. आणि हा निर्णय आपण कधी घेतो ते आठवून पाहा. घरात लग्न निघाले, आखातातून मुलाचे पैसे आले, भिंतींना नवा रंग दिला, वडीलधारे माणूस गेले की सामान बाहेर निघते. पलंगावर झोपता येईनासे झाले म्हणून पलंग बाहेर काढला, असे फार थोड्या वेळा घडते.

बाहेर निघणारे सामानही दोन तऱ्हेचे असते. आजोबांच्या काळचा फणसाच्या किंवा सागाच्या लाकडाचा पलंग लाकडात लाकूड बसवून सांधलेला असतो. तो सोडवून पुन्हा जोडता येतो, तासता येतो, पाय मोडला तर तेवढाच बदलता येतो. सागाचे झाड इमारती लाकडाजोगे व्हायला पन्नास-साठ वर्षे लागतात. तेवढीच वर्षे त्याने माणसाच्या सेवेत काढावीत, असा जणू जुन्या सुतारांचा हिशेब होता. आताचे बरेचसे तयार फर्निचर लाकडाचा भुसा आणि तुकडे रासायनिक गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे असते. वरून सनमायका चिकटवला की ते राजवाड्यातले दिसते. पण एक-दोनदा सोडवून जोडले की स्क्रूची भोके सैल होतात, आणि पाणी लागले की फळी पावासारखी फुगते. फुगलेली फळी कोणताही सुतार बारीक करून देऊ शकत नाही.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. पाणी ओसरल्यावर रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना सामानाचे ढीग लागले. चिखलाने माखलेले सोफे, पाणी पिऊन जड झालेल्या गाद्या, फुगून उघडलेली कपाटे. तशा पुरातून गेलेला सागवानी किंवा लोखंडी सामानाचा नग धुऊन, वाळवून पुन्हा उभा करता येतो. दाबलेल्या भुश्याच्या फळीला दुसरे आयुष्य नसते. ज्या घरांनी कर्ज काढून हप्त्यांवर असे सामान घेतले असेल, त्यांचे सामान एका रात्रीत गेले आणि हप्ते मागे राहिले. वस्तू टिकाऊ असणे ही केवळ सुतारकामातली बाब नसते, गरिबासाठी तो सुरक्षिततेचा प्रश्न असतो, हे अशा वेळी कळते.

मग हे टाकलेले सामान जाते कोठे? आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, ही देवाचीच कृपा म्हटली पाहिजे. लोखंड तो वजनावर घेतो. चांगले सागवान फिरत फिरत मुंबईला भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात पोचते, तेथे पॉलिश होऊन नव्या घरात जाते. उरते ते भंगारवालाही ज्याला हात लावत नाही: फोमच्या गाद्या, सोफ्याची फाटकी गादी-पाठ, फुगलेल्या फळ्या. खेडेगावात त्या फळ्या आंघोळीचे पाणी तापवायच्या बंबात किंवा चुलीत जातात. त्यातल्या गोंदात बहुधा फॉर्मल्डिहाइड असते, वर प्लास्टिकसारखा सनमायका. तो धूर चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत जातो. शहरात हेच सामान कचऱ्याच्या गाडीतून डेपोवर जाते.

मुंबईचे देवनार डंपिंग ग्राउंड 1927 पासूनचे. त्याला लागून गोवंडीचे शिवाजीनगर आहे, बैंगनवाडी आहे. तेथील वस्ती मोठ्या प्रमाणात गरीब मुस्लिमांची. जानेवारी 2016 मध्ये त्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली. दाबला गेलेला कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो आणि अशी आग आतल्या आत धुमसत राहते. कित्येक दिवस धूर मुंबईवर राहिला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आपण 'टाकून दिले' असे म्हणतो, तेव्हा ते नेमके कोणाच्या दारात टाकले जाते, याचे उत्तर अशा वस्त्यांत मिळते. श्रीमंत देशांतही चित्र फारसे निराळे नाही. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे 2018 या एका वर्षात त्या देशात सुमारे 1 कोटी 20 लाख टन फर्निचर आणि तत्सम घरसामान कचऱ्यात निघाले आणि त्यातले 80 टक्के जमिनीत पुरले गेले. फरक इतकाच की तेथे भंगारवाला दारात येत नाही. आपल्याकडे तो येतो, पण आपण त्याला उपयोग होईल असे सामान घेणेच कमी करत चाललो आहोत.

यावर सोपे उत्तर तयार असते. टाकू नका, गरिबाला द्या. ऐकायला हे इतके चांगले वाटते की पुढे विचार करण्याची गरजच वाटत नाही. पण नैतिक प्रश्न खरा सुरू होतो तो येथून.

एक नेहमीचे चित्र पाहू. घरात नवा सोफा आला. जुन्याची एक स्प्रिंग वर आलेली, हात हलणारा, कापडावर डाग. घरकामाला येणाऱ्या बाईला सांगितले जाते, "हा घेऊन जा गं, तुझ्या घरी उपयोगी पडेल." ती म्हणते, "होय भाबी." दुसरे ती काय म्हणणार? नाही म्हटले तर भाबी मनात धरेल, उद्या उचल मागायची वेळ आली तर काय, असा तिचा हिशेब. सोफा न्यायला टेम्पोचे भाडे ती देते. तिच्या दहा बाय दहाच्या खोलीत तो दार अडवतो. दोन पावसाळ्यांत तो कुजतो, आणि मग तो फेकण्याची जबाबदारी तिची. इकडे भाबीच्या घरी समाधान असते की, आम्ही सोफा वाया घालवला नाही, सवाबही मिळाला. ईदला तिला जादा पैसे द्यायचे होते, त्याचाही विषय निघत नाही, कारण 'आताच तर सोफा दिला.' या साऱ्या व्यवहारात नेमके कोणी कोणाला काय दिले? आमच्या मते, बाईने भाबीला दिले. भाबीच्या घरातला कचरा तिने आपल्या पैशाने उचलून नेला.

कुरआनात सूरह बकराच्या 267 व्या आयतीत याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. खर्च करायची वेळ आली की निकृष्ट वस्तू निवडून काढू नका, अशी ताकीद तेथे आहे. तीच वस्तू कोणी तुम्हाला दिली असती तर तुम्ही डोळेझाक केल्याशिवाय ती घेतली नसती, असा त्यामागचा युक्तिवाद. कसोटी अगदी साधी आहे. देणाऱ्याने घेणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहायचे.

पण दुसऱ्या बाजूला हदीसमध्ये एक प्रसंग आहे. हजरत मैमूना यांच्याकडील एका मुक्त दासीला सदका म्हणून मिळालेली बकरी मेली. प्रेषित मुहंमद (स.) यांनी ती पडलेली पाहिली आणि विचारले की, हिच्या कातडीचा उपयोग का करून घेतला नाही? लोक म्हणाले, ती तर मेलेली आहे. उत्तर मिळाले की, निषिद्ध आहे ते तिचे खाणे. म्हणजे ज्या वस्तूला सारेजण हरामच समजून बसले होते, तिच्यातही उपयोगाचा अंश शोधा, अशी ही शिकवण.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर पेच पडतो. एक म्हणते निकृष्ट देऊ नका, दुसरी म्हणते मेलेल्या जनावराचे कातडेही वाया घालवू नका. मग उरलेसुरले, मोडके, जुने याचे करायचे तरी काय? पेच सुटतो तो कातड्याच्या धंद्याकडे पाहिल्यावर. मेलेल्या बकरीचे कातडे जसेच्या तसे कोणाच्या उपयोगाचे नसते. ते कमवावे लागते. सोलणे, मीठ लावणे, भिजवणे, खरवडणे, रंगवणे, इतके सोपस्कार झाल्यावर त्याची पखाल किंवा पायताण होते. टाकाऊ आणि देण्याजोगे यांच्या मध्ये मेहनत उभी असते. ही मेहनत, किंवा तिची मजुरी, ज्याची वस्तू आहे त्याने करायची. ती न करता मोडकी वस्तू पुढे ढकलणे म्हणजे आपले काम दुसऱ्यावर ढकलणे होय. सोफ्याची स्प्रिंग बसवून, हात ठोकून, कापड बदलून, टेम्पोचे भाडे देऊन, आणि 'तुला हवा आहे का, तुझ्या घरात मावेल का', असे आधी विचारून दिला असता, तर तोच सोफा दान ठरला असता.

आमच्या पूर्वजांना ही मेहनत नवी नव्हती. डागडुजीचे कितीतरी व्यवसाय मुस्लिम जमातींनीच पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. पिंजारी, ज्यांना कुठे नदाफ तर कुठे मन्सुरी म्हणतात, दारात यायचे. त्यांच्या धनुकलीचा तो टुंग-टुंग आवाज आला की गल्लीतल्या गाद्या अंगणात निघायच्या. दाबून दगड झालेला कापूस पिंजून पुन्हा ढगासारखा व्हायचा, तीच गादी आणखी काही वर्षे चालायची. कल्हईवाला काळवंडलेली पातेली चकचकीत करायचा. खाटेची नवार सैल झाली की घरातली बाईच ती ओढून घ्यायची. आज फोमच्या गादीला पिंजाऱ्याची गरज नाही आणि पिंजाऱ्याच्या मुलाला त्या धंद्यात पोट भरण्याइतके काम नाही. गादी खचली की ती पिंजता येत नाही, फक्त टाकता येते. आपण दुरुस्त न होणाऱ्या वस्तू घरात आणल्या, तेव्हा आपल्यातल्याच दुरुस्ती करणाऱ्या माणसांनाही रद केले.

विकण्याबद्दलही येथे बोलले पाहिजे. 'एवढ्याशा पैशासाठी जुने काय विकायचे, कोणाला तरी देऊन टाकू', असे चारचौघांत म्हटले जाते. आम्हाला वाटते, पुष्कळदा विकणे हे देण्याहून अधिक अदबीचे असते. जुन्या बाजारात गेलेला गरीब माणूस तेथे गिऱ्हाईक असतो. तो खुर्ची हलवून पाहतो, पाय एकसारखे आहेत की नाहीत ते बघतो, घासाघीस करतो, नको असेल तर पुढच्या दुकानात जातो. नाकारण्याचा हक्क त्याच्याकडे असतो. ज्या देण्याला घेणारा 'नको' म्हणू शकत नाही, ते देणे त्याच्यावर लादलेले असते. थोड्या पैशात विकून आलेली रक्कम कोणाच्या फीसाठी दिली, तर दोघांचाही मान राहतो.

आता त्या कमीपणाकडे येऊ. पलंग जुना असणे लाजिरवाणे का वाटते, याचे उत्तर आमच्या लग्नांत सापडते. 'जहेज' हा शब्द आता कोणी उच्चारत नाही. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 पासून आहे, आणि बोलणारे सुशिक्षितही झाले आहेत. आता म्हणतात, 'आम्हाला काही नको, तुम्ही तुमच्या मुलीला द्यायचे ते द्या.' या एका वाक्यात डबल बेड, तीन दारांचे कपाट, ड्रेसिंग टेबल आणि सोफासेट बसतो. टेम्पोतून सामान उतरते तेव्हा त्यावरचे प्लास्टिक मुद्दाम काढलेले नसते. ते नवे आहे याचा तो पुरावा असतो. बापाने त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज घेतलेले असते. आणि बहुतेक वेळा ते सामान असते त्याच दाबलेल्या भुश्याच्या फळ्यांचे, कारण सागवान परवडत नाही आणि जुने सागवान चालत नाही. मुलीच्या आजीचा फणसाचा पलंग घरात असतो, चार माणसे लागतील इतका भक्कम असतो. तो पाठवला तर सासरचे काय म्हणतील? म्हणून तो भंगारात जातो आणि त्याच्या जागी आलेला नवा, बापाचे हप्ते फिटण्याआधी कुरकुरू लागतो.

हजरत फातिमा यांच्या संसाराला दिलेल्या वस्तू आम्ही वर्गात मुलांना सांगतो: खजुरीच्या सालीने भरलेली चामड्याची गिरदी, जाते, पखाल. मुले भक्तिभावाने ऐकतात, वहीत उतरवून घेतात. त्यांतल्याच एखाद्या मुलीच्या लग्नात आम्ही मास्तर मंडळी हॉलमध्ये जेवायला जातो आणि मांडलेले सामान पाहून 'माशाल्ला' म्हणतो. धड्यातली साधी राहणी आणि हॉलमधले माशाल्ला यांचा मेळ बसल्याशिवाय जुन्या वस्तूची लाज जाणार नाही. कचरा कमी करण्याच्या घोषणा आपण कितीही दिल्या, तरी बापाच्या मानेवर बसलेली ही लाज उतरल्याशिवाय जुना पलंग घरातून बाहेर पडायचा थांबणार नाही.

आणखी एक मुद्दा सहसा कोणी काढत नाही. वडील वारले की चाळीसएक दिवसांत त्यांच्या खोलीची आवराआवर होते. 'मयताचा पलंग' म्हणून कोणी तो ठेवत नाही, जणू मृत्यू लाकडाला चिकटतो. इस्लाममध्ये याला काही आधार नाही. उलट शरीयतचा नियम असा की, कर्ज फेडून आणि वसीयत बजावून उरलेली मयताची प्रत्येक वस्तू 'तरका' आहे, तिच्यात वारसांचे हिस्से ठरलेले आहेत. मुले असतील तर विधवेचा आठवा हिस्सा, मुलाच्या निम्मा मुलीचा. हा नियम जमिनीला लागू आहे तसाच पलंगाला आणि कपाटालाही. भावांनी बहिणीला न विचारता अब्बांचे कपाट भंगारवाल्याला दिले, किंवा मदरशाला देऊन सवाब घेतला, तरी त्यातला एक वाटा त्यांचा नव्हताच. बहिणीला ते कपाट हवे असेल. पैशासाठी नव्हे, त्याच्या दारावर अब्बांनी खडूने तिची उंची मांडून ठेवली असेल म्हणून. जुन्या वस्तूला भावात मोजता येत नाही अशीही एक किंमत असते, आणि तिचे मालक एकाहून अधिक असतात.

घराबाहेरही हेच दिसते. सरकारी शाळांत जडसंग्रह रजिस्टर असते. त्यात प्रत्येक बाक, खुर्ची, टेबल यांची नोंद. बाक मोडला तरी तो तसाच टाकता येत नाही, निर्लेखनाची परवानगी लागते. सरकारी मालमत्ता कोणी परस्पर विकू नये म्हणून हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण परवानगीचा कागद फिरत असतो आणि बाक व्हरांड्यात पावसात भिजत असतो. दोन मोडक्या बाकांतून एक चांगला होऊ शकतो. सुताराची एका दिवसाची मजुरी, पावशेर खिळे, बस्स. तोवर एखाद्या वर्गाची मुले टाटपट्टीवर बसलेली असतात. बी.एड.ला आम्हाला टाकाऊपासून शैक्षणिक साधने करायला शिकवले. शाळेत आम्ही मुलांकडून कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊपासून टिकाऊ' करून घेतो. त्यासाठी मुले दुकानातून नवे आइस्क्रीमचे चमचे आणि रंगीत कागद विकत आणतात. मागे व्हरांड्यात खरे टाकाऊ लाकूड पडलेले असते. त्याला हात लावायला शिकवले, एक खिळा सरळ ठोकायला शिकवले, तर त्या विषयाचे नाव सार्थ होईल.

यावर काही आक्षेप येतील. सारे जुनेच वापरू लागले तर सुतारांनी खायचे काय? आक्षेप रास्त आहे, कारण या कामात आपलेच पुष्कळ भाऊ आहेत. पण पाहा, कारखान्यातून आलेला तयार बेड स्थानिक सुताराला काहीच देत नाही, तो फक्त जोडायचा असतो. जुना पलंग दुरुस्त करायचा तर लाकडापेक्षा मजुरीवर पैसा जास्त जातो, आणि तो पैसा गावातच राहतो. दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. तो मान्यच केला पाहिजे. वाळवी लागलेले लाकूड, आजाऱ्याच्या अंगाखालची भिजलेली फोमची गादी, या वस्तू कोणाला देऊ नयेत. ढेकणांसाठी कडक ऊन आणि उकळते पाणी हे जुने उपाय आहेतच, तेही देणाऱ्याने करावेत. आणि दाबलेल्या भुश्याची फळी एकदा फुगली की तिच्यावर उपाय नाही. तिच्याबद्दलचा विचार ती घेताना करायचा असतो. दुकानात उभे असताना स्वतःला एक प्रश्न विचारावा: आम्हाला नकोशी झाल्यावर ही वस्तू आम्ही कोणाला देऊ शकू का? उत्तर नाही असेल, तर आपण वस्तूबरोबर तिचा कचराही विकत घेत आहोत.

करायचे काय, याचे एक उदाहरण आमच्या गावांतच तयार आहे. जमातीच्या मालकीच्या देगी, परातीं, सतरंज्या असतात. कोणाकडे लग्न असो की मयत, नोंद करून सामान नेतात, घासूनपुसून परत आणतात. देगीतून जेवताना 'ही जुनी आहे' म्हणून कोणी हात आखडत नाही. त्याच खोलीत आणखी काही वस्तू का असू नयेत? पडलेल्या म्हाताऱ्यासाठी पलंग, चाकांची खुर्ची, वॉकर, कमोडची खुर्ची, बाळाचा पाळणा, परीक्षेच्या दिवसांत मुलाला लागणारे टेबल. या वस्तू प्रत्येक घराला काही महिनेच लागतात, पण लागतात तेव्हा फार लागतात. घरातून निघणारे सामान जमातीने पाहून घ्यावे, नको ते सरळ नाकारावे, घेतलेले सुताराला मजुरी देऊन नीट करावे, आणि मग ते वापरायला द्यावे. फिकहमध्ये याला 'आरियत' असा शब्द आहे: वस्तू परत करायच्या बोलीवर वापरण्यासाठी देणे. यात घेणाऱ्याला कोणाच्या उपकाराखाली वाकावे लागत नाही. आज त्याने पलंग नेला, उद्या देणाऱ्याच्या घरी वॉकर जाईल.

नमाजमध्ये आपण सूरह माऊन कितीदा तरी ऐकतो. ती लहान आहे, मुलांना लवकर पाठ होते. तिचा शेवट 'माऊन' अडवून धरणाऱ्यांच्या निषेधाने होतो. काही भाष्यकारांनी या शब्दाचा अर्थ जकात असा केला, तर काहींनी शेजाऱ्याला वापरायला द्यायच्या किरकोळ घरगुती वस्तू असा केला. उदाहरणादाखल त्यांनी कुऱ्हाड, भांडे, बादली यांची नावे घेतली. अनाथाला हाकलणे आणि दिखाव्याची नमाज, या मोठ्या दोषांच्या रांगेत शेजाऱ्याला भांडे न देणे बसवलेले पाहून प्रथम नवल वाटते. विचार केल्यावर वाटत नाही. ज्याच्या माळ्यावर वापरात नसलेला पलंग धूळ खात पडला आहे आणि ज्याचा शेजारी आजारी आईला जमिनीवर झोपवतो आहे, त्या दोघांमधले अंतर एका भिंतीचे असते. ती भिंत ओलांडून 'तुम्हाला पलंग लागेल का?' एवढे विचारायला खर्च काही येत नाही. विचारताना मात्र पलंगाच्या दोऱ्या आवळलेल्या, पाय पक्के केलेले आणि लाकूड पुसलेले असावे.